डोळ्यातलं काजळ

"काकू, आता डोळे मिटून बसा. उघडायचे नाहीत हं," असं म्हणत त्या मुलीनं माझ्या दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले आणि कापसाचा बोळा हातात दिला. थेंब चांगलेच झोंबले. डोळ्याचा पडदा तपासायचा होता. पन्नाशी उलटलीय, घराण्यात मधुमेह आहे, तेव्हा वर्षातून एकदा बघून घ्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सोबत कुणालातरी आणा, असंही फोनवर सांगितलं होतं. ते मी नेहमीप्रमाणे मनावर घेतलं नव्हतं. बाकड्यावर माझ्यासारखेच सात-आठ जण माना मागं टाकून, डोळे मिटून बसलेले. समोरच्या टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती आणि अख्खी खोली ती नुसती ऐकत होती. पाऊण तासानं आत बोलावलं. "वर बघा. खाली बघा. आता माझ्या कानाकडं बघा." डॉक्टरांच्या कपाळावरचा दिवा डोळ्यात सरकला आणि क्षणभर समोर एक मोठं, काळ्या रेषांचं झाड उमटलं. वहीत ठेवून जाळी झालेल्या पिंपळपानासारखं. त्या माझ्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या होत्या. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असाच डोळ्यात उजेड हलवून हे झाड पाहिलं होतं, हे मी वाचलेलं. पण ते असं आपल्याच आत उभं असलेलं बघितल्यावर पोटात काहीतरी हललं.

पडदा ठीक निघाला. बाहेर पडले आणि दारातच थांबले. साडेअकराचं ऊन होतं, रोजचंच; पण ते आज थेट डोक्यात घुसलं. समोर लावलेली पांढरी स्कूटर बघवेना. पलीकडच्या रसवंतीवाल्याचा स्टीलचा जग, रिक्षाचा आरसा, कुणाच्या तरी हातातली प्लॅस्टिकची पिशवी, सगळं टोचत होतं. बाहुल्या सताड उघड्या, आणि त्यांना मिटायची अक्कल थेंबांनी काढून घेतलेली. घराला दार असावं आणि त्याला कडीच नसावी, तसं. ओढणी तोंडावर घेऊन रिक्षात बसले ती घरी येईपर्यंत तशीच.

संध्याकाळी आईनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "डोळे बघ कसे लाल झालेत. कुणाची तरी नजर लागली."

"आई, थेंब घातलेत. तपासणी होती."

"थेंब घातले म्हणून काय नजर लागायची थांबते?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे त्या वेळी सुचलं नाही. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यात अडकून राहिलं. सकाळी मला कळलं होतं की प्रकाश आत येतो, विचारत नाही, येतो. आणि संध्याकाळी आईच्या मते कुणाच्या तरी डोळ्यातून काहीतरी निघून माझ्यापर्यंत पोचलं होतं. आणि गंमत अशी की मराठी आईच्या बाजूनं बोलते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, नजर रोखतो. नजर पोचेल तिथवर ऊस असतो. नजरेला नजर भिडते, कुणी नजर चुकवतं, कुणाची नजर बोचते. कटाक्ष टाकतात आणि दृष्टिक्षेपही करतात. क्षेप म्हणजे फेकणंच की. आपल्या बोलण्यात डोळा भाला घेऊन उभा आहे. पदार्थविज्ञानाच्या बाजूचं शोधायला गेलं तर डोळे दिपणं, डोळ्यांत भरणं, डोळ्यांत खुपणं असं थोडंसं हाती लागतं.

डोळ्यातून किरण बाहेर जातात, हे भल्याभल्यांचं म्हणणं होतं. युक्लिडनं इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराला दृष्टीची भूमिती मांडली ती डोळ्यातून सरळ रेषा सुटतात असं धरून, आणि ती भूमिती अजून बरोबर आहे. फक्त रेषांवरचे बाण उलटे करायचे. जमिनीवर पडलेली सुई समोर असून दिसत नाही आणि मग एकदम दिसते, याचंही उत्तर त्या परंपरेत होतं: किरणांच्या मध्ये फटी असतात, सुई फटीत पडलेली असते, नजर सरकली की एखादा किरण तिच्यावर पडतो. फरशीवर हात फिरवत सुई शोधणाऱ्या माणसाला हे पटकन पटावं. त्याच्याही आधी क्रोटोनच्या अल्कमेऑननं म्हटलं होतं की डोळ्यात विस्तव असतो, कारण डोळ्यावर फटका बसला की ठिणग्या दिसतात. आपल्याकडं त्याला डोळ्यापुढं काजवे चमकणं म्हणतात. ॲरिस्टॉटलनं मात्र खवचट प्रश्न विचारला. डोळा कंदिलासारखा असेल, तर अंधारात का दिसत नाही?

आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे तर्कपंडित, याच बाजूचे. डोळा तेजाचा बनलेला, त्याचा रश्मी वस्तूपर्यंत जाऊन भिडतो तेव्हा ती दिसते. मग तो रश्मी आपल्याला दिसत कसा नाही? तर भर दुपारी उल्केचा उजेड दिसत नाही तसा. आणि पुरावा काय? न्यायसूत्रात एक छोटं सूत्र आहे, 'नक्तंचरनयनरश्मिदर्शनाच्च': रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत किरण दिसतात ना, म्हणून. म्हणजे मांजर. हे वाचताना मला आमच्या मागच्या अंगणातली बोकी आठवली. लोड शेडिंगच्या दिवसांत कोळशाच्या ढिगावर बसलेली, नुसते दोन हिरवे दिवे. मांजराच्या पडद्यामागं आरशासारखा थर असतो आणि तो बाहेरचाच उजेड परत फेकतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. पण कोणे एके काळी कुणीतरी अंधारात मांजराकडं बघत बसलं, आणि त्या बघण्यातून त्यानं सूत्र काढलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. चुकीचं असलं म्हणून काय झालं, ते बघून केलेलं आहे.

त्यांना छेद दिला बौद्धांनी. डोळा वस्तूला जाऊन शिवत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात त्यासाठी दिलेला दाखला इतका घरगुती आहे की मी वाचता वाचता हसले. शिवल्यानं दिसत असतं तर डोळ्यात घातलेलं काजळ डोळ्याला दिसलं नसतं का? लांबचं रूप दिसतं, आणि डोळ्याला अगदी लागून असलेलं अंजन दिसत नाही.

काजळ. ज्या काजळाचं बोट आई नातवाच्या गालावर लावते, नजर लागू नये म्हणून.

या सगळ्या वादात बसऱ्याचा एक माणूस शिरला आणि त्यानं सुरुवातच माझ्या त्या सकाळच्या अनुभवापासून केली. इब्न अल-हैथम, जन्म साधारण 965 चा. त्याची गोष्ट सांगतात ती अशी: नाईलच्या पुराला आवर घालता येईल असं तो बोलून गेला, कैरोच्या अल-हकीम खलिफानं त्याला बोलावून घेतलं, आणि नदी प्रत्यक्ष बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे काम होण्यातलं नाही. खलिफा लहरी, डोकं उडवायला मागंपुढं न बघणारा. तेव्हा यानं वेडाचं सोंग घेतलं आणि 1021 मध्ये खलिफा जाईपर्यंत घरातच अडकून राहिला. खरं किती, मीठमसाला किती, देव जाणे. पण 'किताब अल-मनाझिर' हा त्याचा सात भागांचा ग्रंथ साधारण याच वर्षांतला आहे, आणि एका खोलीत कोंडला गेलेला माणूस भिंतीवर पडणाऱ्या उजेडाकडं बघत बसलाय, हे चित्र मला सोडवत नाही.

तो म्हणतो, सूर्याकडं बघा, डोळा दुखतो. प्रखर उजेडाकडं बघून अंधारात नजर वळवा, तो उजेड डोळ्यात थोडा वेळ तसाच राहतो. डोळा स्वतःच काही बाहेर धाडत असता तर त्याला दुखलं का असतं? आणि बाहेर धाडतोय म्हणावं, तर पापणी उघडताक्षणी इवल्याशा डोळ्यातून काहीतरी निघून ताऱ्यांपर्यंतचं आकाश भरतं आणि डोळा तसूभरही झिजत नाही, हे कसं? बरं, जातंच समजा. तरी दिसायचं असेल तर काहीतरी परत डोळ्याकडं यावंच लागणार. मग जाणाऱ्याचं काम काय उरलं? हे शेवटचं मला विशेष आवडतं. समोरच्याला खोटं न पाडता नुसतं बिनकामाचं ठरवायचं. सासरी अशी माणसं पाहिली आहेत मी.

मग त्यानं दिवे मांडले. एका भोकाबाहेर वेगवेगळ्या जागी दिवे, भोकाच्या आत अंधारी जागा, समोर भिंत. जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके. एक दिवा झाकला की त्याच्या समोरचाच एक ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी. म्हणजे इतके उजेड त्या एवढ्याशा भोकातून एकमेकांना छेदून जातात आणि तरी कुणी कुणात मिसळत नाही. गर्दीत सगळे एकमेकांना ओलांडून जावेत आणि कुणाचा कुणाला धक्का लागू नये! लोकलनं रोज जाणाऱ्याला हा प्रयोग सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

अशी खोली मी बघितली आहे. वाईला आजोळी, गंगापुरीतल्या घराच्या माडीवर. मे महिन्यात जेवणं झाली की आजी आम्हा पोरांना वर कोंडायची आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या फळ्या लावून घ्यायची. शेणानं सारवलेली गार जमीन, कोपऱ्यात अढी घातलेल्या आंब्यांचा वास, आणि खिडकीच्या एका फळीत लाकडाची गाठ निखळून पडलेलं हरभऱ्याएवढं भोक. बाहेर ऊन रटरटत असलं की समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रस्ता यायचा. उलटा. आभाळ खाली जमिनीजवळ, त्याच्यावर समोरच्या घराची कौलं, आणि सगळ्यात वर, आढ्याखाली, माणसं पाय वर करून चाललेली. पुसट, कडा विरघळलेल्या. पण रंग खरे. उजवीकडून आलेली सायकल भिंतीवर डावीकडून यायची आणि तिची चाकं आढ्याला टेकलेली असायची. आम्ही मामेभावाला पिवळा शर्ट घालून गुपचूप खाली पाठवायचो, रस्त्यात उड्या मारायला. तो उडी मारायचा आणि भिंतीवर एक पिवळा ठिपका जमिनीकडं पडायचा. असा कितीतरी वेळ तो पडत राहिला होता एकदा, आम्ही हसून लोळत होतो आणि त्याला बिचाऱ्याला बाहेर तळव्याला चटके बसत होते. तो आम्हाला काय दिसतो हे त्याला कधीच दिसलं नाही. तो वर आला की रस्ता रिकामा असायचा.

भिंतीवरचं ते चित्र डोळ्याच्या आतही तसंच उलटं पडतं, हे पक्कं मांडलं योहानेस केप्लरनं, प्रागमध्ये, 1604 साली. लहानपणी देवी येऊन गेल्यानं त्याची नजर कायमची अधू झालेली. एकाच्या जागी त्याला अनेक चंद्र दिसत. ग्रहांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला असे डोळे मिळावेत! पण म्हणूनच की काय, बघणं म्हणजे काय हे त्याला गृहीत धरता आलं नाही. 1600 च्या जुलैत ग्राट्समध्ये त्यानं भोकातून उजेड पाडून सूर्यग्रहण पाहिलं, आणि भोकाचा आकार चित्रात किती मिसळतो या प्रश्नानं त्याला पछाडलं. त्यानं काय करावं? एक पुस्तक उंचावर ठेवलं, ते म्हणजे दिवा. मध्ये एक अनेक कोनांचं भोक. पुस्तकाच्या कोपऱ्याला दोरा बांधून तो ताणत भोकाच्या कडेकडेनं फिरवला, खाली जमिनीवर खूण करत गेला. मग दुसरा कोपरा, मग तिसरा. उजेडाचा किरण म्हणजे ताणलेला दोरा. शेवटी जमिनीवर भोकाच्या असंख्य आकृत्या एकमेकींवर पडून त्यातून पुस्तकाचा आकार तयार झाला. प्रकाशाचा इतका मोठा प्रश्न दोरा आणि खडू घेऊन ओणवं बसून सोडवणारा हा माणूस मला रांगोळी घालणाऱ्या बाईसारखा दिसतो.

इब्न अल-हैथमला एक अडचण सुटली नव्हती. वस्तूच्या प्रत्येक ठिपक्यातून सगळीकडं किरण जातात, तर डोळ्यात त्यांचा काला का होत नाही? त्यानं उत्तर काढलं की डोळ्यावर काटकोनात पडणारा किरणच तेवढा धरायचा. केप्लर म्हणाला, सगळेच धरायचे. डोळ्यातलं भिंग एका ठिपक्यातून फाकलेले किरण परत गोळा करून पडद्यावर एका ठिपक्यात आणतं. हिशेब चोख जुळला, फक्त चित्र उलटं आलं. ते उलटं चित्र आपल्याला सुलटं कसं दिसतं, हे त्यानं तत्त्वज्ञांवर सोडून दिलं आणि हात झटकले. पुढं देकार्तनं 1637 मध्ये बैलाचा डोळा घेऊन, मागची सालं काढून तिथं पातळ कागद किंवा अंड्याचं कवच लावून, तो अंधाऱ्या खोलीच्या भोकात बसवायची कृतीच लिहून ठेवली. म्हणजे वाईच्या त्या फळीतल्या गाठीच्या जागी एक डोळा.

न्यूटनचं मात्र मला अजून झेपत नाही. विशी-पंचविशीतलं पोरगं, 1665-66 च्या सुमाराला, एक बोथट दाभण घेतं आणि डोळा आणि हाड यांच्या मधून शक्य तितकं मागं सारून डोळ्याची मागची बाजू दाबतं. पांढरी, काळी, रंगीत वर्तुळं दिसली म्हणून वहीत टिपण आणि शेजारी चित्र. आमच्या घरी पोत्याला शिवण घालायचं दाभण आहे. ते हातात घेऊन बघितलं मी. ठेवून दिलं. प्रकाश लाट की कण, हा पुढचा दोनशे वर्षांचा वाद पुस्तकांतून पानंच्या पानं व्यापतो, पण मला विचाराल तर या एका दाभणापुढं तो फिका आहे. बाहेर प्रकाश नसतानाही डोळा दाबला तर रंग दिसतात, म्हणजे रंग नक्की कुठं असतात? अल्कमेऑनचे काजवे दोन हजार वर्षांनी परत आले होते, फक्त या वेळी हातात दाभण होतं.

आणि नाग. लहानपणी कुणी नाग मारला की त्याचं डोकं ठेचून जाळायचे, कारण त्याच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो उतरतो आणि मग नागीण तो बघून शोधत येते. आम्ही यावर पुढं खूप हसलो. मग कळलं की 1876 मध्ये फ्रान्झ बोलनं बेडकाच्या डोळ्याच्या पडद्यावर उजेडात उडणारा तांबूस रंग शोधला, आणि हायडेलबर्गच्या क्यूनेनं ससा खिडकीसमोर धरून, मग मारून, त्याचा पडदा तुरटीच्या पाण्यात टाकला. पडद्यावर खिडकी होती. गजांसकट. सशानं शेवटचं पाहिलेलं. 1880 मध्ये त्यानं शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या एका माणसाच्या डोळ्यातही तसं काही शोधून पाहिलं. एक आकृती मिळाली, पण ती कशाची हे कुणालाच सांगता आलं नाही. हे वाचल्यापासून मला नागाच्या गोष्टीवर पूर्वीसारखं हसता येत नाही. खोटी आहे हे माहीत असूनही.

कॉलेजात असताना सिटी बसनं जायचे. एक माणूस रोज त्याच स्टॉपवर चढायचा आणि बघत राहायचा. बाकी काहीच नाही, नुसतं बघणं. मी खिडकीकडं तोंड करून उभी असायचे, वही छातीशी धरून, आणि तरी मानेवर ते बघणं कळायचं. दुपारी घरी जाऊन मान धुवावी असं वाटायचं. कुठल्याही बाईला विचारा, नजर अंगाला लागते की नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये लिहिलं की कॉलेजात शिकणाऱ्या कितीतरी मुलांना अजून वाटतं की बघताना डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं, आणि याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. पण भौतिकशास्त्र काय सांगतं? त्या माणसाच्या डोळ्यातून माझ्याकडं काहीही येत नव्हतं. खिडकीतून येणारं ऊन माझ्या ओढणीवर, मानेवर पडत होतं आणि तिथून उसळून त्याच्या डोळ्यात जात होतं. म्हणजे पाठवणारी मी, आणि तो नुसता उघड्या दाराचा. हे शंभर टक्के खरं आहे आणि ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इब्न अल-हैथमनं बाणांची दिशा फिरवली तेव्हा हिशेब सुटला. पण बघणाऱ्यावरचा आळही त्यात अलगद सुटून गेला की काय, असं वाटत राहतं. कदाचित म्हणूनच भाषेनं जुने बाण तसेच ठेवले असतील.

तर त्या संध्याकाळी आईनं ऐकलं नाहीच. मूठभर मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या घेऊन आली. तिच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत आता कृत्रिम भिंगं आहेत. पहिला मोतीबिंदू काढला तेव्हा पट्टी सोडल्यावर म्हणाली होती, भिंतीला नीळ कधी दिलीस? जुनं पिवळं पडलेलं भिंग गेलं होतं, निळा पहिल्यांदाच पुरता आत येत होता. शेजारणीला मात्र सांगताना म्हणाली, माझी नजर परत आली; गावाला गेलेली लेक परत यावी तसं. मला खुर्चीत बसवून तिनं मूठ माझ्याभोवती फिरवली, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, असं काहीबाही पुटपुटत, आणि मग माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. माझ्या बाहुल्या अजून मोठ्याच होत्या. "अगंबाई," ती म्हणाली, "तुझ्या डोळ्यात मी किती स्वच्छ दिसतेय." बाहुलीला बाहुली म्हणतात ते याचसाठी, तिथं बघणाऱ्याची एवढीशी भावली दिसते. संस्कृतात कनीनिका, आणि ग्रीकांचा शब्दही 'मुलगी'च. मला जवळचं धूसर दिसत होतं. आईचा चेहरा म्हणजे एक सावळा गोल आणि त्यात कुंकवाचा ठिपका, एवढंच.

तिनं मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. मोहऱ्या तडतडल्या, मिरच्या काळ्या झाल्या. ती मान कलती करून थांबली, ठसका येतो का बघायला.

"बघ," म्हणाली, "जराही खाट नाही. किती लागली होती."

वरचा एक्झॉस्ट फॅन मीच दुपारी लावून ठेवला होता. तो मी बंद केला नाही, आणि तिला सांगितलंही नाही.